ग्रंथकार सभेचा उंबरठा : मुरुडच्या किनाऱ्यावरून केलेला एक विचार

मराठी साहित्य संमेलनाचा इतिहास लिहावयाचा म्हटले, म्हणजे स्थळ, वर्ष आणि अध्यक्ष यांची यादी प्रथम पुढे येते. ही यादी उपयुक्त खरी. परंतु तिच्यात सभामंडपाची एकच बाजू दिसते. व्यासपीठावर कोण बसले होते हे तिच्यावरून कळते, मंडपाच्या दारातून प्रथमच आत येणाऱ्याची स्थिती काय होती हे कळत नाही. वास्तविक कोणत्याही विद्वत्सभेची खरी परीक्षा तिच्या दाराशीच होते. आत येण्याचा अधिकार कोणाला, तो कशाच्या बळावर, आणि आत आलेल्याने तेथे काय करावयाचे, या तीन प्रश्नांची उत्तरे ती सभा ज्या रीतीने देते त्यावरून तिचे स्वरूप निश्चित होते. इ. स. १८७८ पासूनच्या ग्रंथकार सभांकडे या दृष्टीने पाहिले असता त्यांच्या इतिहासाचा एक निराळाच आलेख दृष्टोत्पत्तीस येतो. हा आलेख पुण्याहून पाहण्याऐवजी पुण्यापासून दूर असलेल्या एखाद्या ठिकाणाहून पाहिला, तर तो अधिक स्पष्ट होतो. यासाठी जंजिरा संस्थानची राजधानी असलेले मुरुड हे ठिकाण येथे घेतले आहे.

प्रथम एका गैरसमजाचे निराकरण करणे अवश्य आहे. कोकणच्या किनाऱ्यावर मुरुड नावाची दोन गावे प्रसिद्ध आहेत. एक रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीनजीकचे. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक (१८३३–१८८९) आणि महर्षी धोंडो केशव कर्वे हे दोघे त्या गावचे. दुसरे मुरुड पूर्वीच्या कुलाबा व आताच्या रायगड जिल्ह्यातील. हे गाव सिद्दी नबाबांच्या अमलाखाली होते आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत ब्रिटिश मुलखाबाहेर राहिले. नामसादृश्यामुळे एकीकडील माणसे दुसरीकडे घातली जातात. प्रस्तुत विवेचनात मुरुड म्हणजे जंजिऱ्याचे मुरुड असे समजावयाचे आहे. दापोलीच्या मुरुडाचा उल्लेख तुलनेपुरता येईल.

पहिल्या ग्रंथकार सभेपूर्वी मराठी लेखकाचा बाहेरच्या जगाशी संबंध कसा येई, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्या सभेचे नावीन्य कळावयाचे नाही. पेशवाईतील दक्षिणेचा निधी इंग्रजी अमदानीत चालू राहिला होता. त्यातील काही भाग मराठी ग्रंथरचनेस मिळावा अशी मागणी पुण्यातील नवशिक्षितांनी १८४९ च्या सुमारास केली, आणि तीत लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख अग्रभागी होते. या मागणीतून पुढे दक्षिणा प्राइझ कमिटीची व्यवस्था सिद्ध झाली. लेखकाने आपले हस्तलिखित कमिटीकडे धाडावयाचे, कमिटीने ते तपासावयाचे आणि पसंत पडल्यास पारितोषिक द्यावयाचे, अशी ती रीत होती. या व्यवस्थेने अनेक ग्रंथ मराठीत आणले यात संशय नाही. परंतु तिच्यात लेखक एकटा असे आणि त्याच्यासमोर परीक्षक असत. एका लेखकाने दुसऱ्या लेखकास भेटावे, याला तिच्यात स्थान नव्हते. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक याच कमिटीकडे पाठविले. ते स्वीकारले गेले नाही, आणि त्याचा सल १८७३ च्या ‘गुलामगिरी’त नमूद आहे. लेखक म्हणून विद्वानांच्या दारात टाकलेले फुल्यांचे पहिले पाऊल अशा रीतीने उंबरठ्यावरच थांबले. १८८५ मधील त्यांच्या सुप्रसिद्ध पत्राचा विचार करताना ही तीस वर्षांपूर्वीची घटना विसरून चालणार नाही.

१८७८ च्या फेब्रुवारीत ‘ज्ञानप्रकाश’ पत्रातून लोकहितवादी आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठी ग्रंथकारांस एकत्र येण्याचे आवाहन केले, आणि ११ मे १८७८ रोजी पुण्यातील हिराबागेत पहिली सभा भरली. जमलेल्या मंडळींची संख्या पन्नासाच्या आसपास होती. पाहुण्यांपासून यजमानांपर्यंत प्रत्येक जण अशा सभेस प्रथमच आलेला होता, हे या सभेचे वैशिष्ट्य होय. तेथे कोणी जुना नव्हता, म्हणून कोणी नवाही नव्हता. सभेचा हेतूही व्यावहारिक होता. ग्रंथ लिहिले जातात, छापले जातात, परंतु त्यांस ग्राहक मिळत नाहीत. तेव्हा ग्रंथप्रसारास संघटित उत्तेजन द्यावे, हा तो हेतू. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने छापील पुस्तकांची नोंद सक्तीची केली होती, त्यामुळे मराठीत वर्षास किती आणि कोणत्या विषयांवर पुस्तके निघतात याचा हिशेब प्रथमच उपलब्ध होऊ लागला होता. रानडे यांनी या नोंदींचा बारकाईने अभ्यास केला होता. मराठी वाङ्मयाच्या वाढीवरील त्यांचा १८९८ चा निबंध त्याच अभ्यासाचे फळ आहे. पहिली ग्रंथकार सभा ही अशा अर्थशास्त्रीय दृष्टीच्या पुरुषाने योजलेली सभा होती. काव्यशास्त्रविनोद हा तिचा प्रधान हेतू नव्हता.

‘ग्रंथकार’ या शब्दाचा विचारही येथेच करणे इष्ट आहे. पुणे सार्वजनिक सभा १८७० मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिच्या सभासदाने किमान पन्नास लोकांचे मुखत्यारपत्र आणावे असा नियम होता. अर्थात सभासद स्वतःपुरता बोलत नसे. तो पन्नासांच्या वतीने बोलत असे. रानडे यांच्या भोवतीच्या मंडळीस सभा म्हणजे काय हे या संस्थेने शिकविले होते. ग्रंथकार सभेत मुखत्यारपत्राची जागा ग्रंथाने घेतली असे म्हणावयास हरकत नाही. छापलेला ग्रंथ हाच लेखकाचा अधिकार. हा निकष वरकरणी अत्यंत उदार होता. त्यात जात, धर्म, वतन, पदवी यांचा प्रश्न येत नव्हता. परंतु ग्रंथ छापावयाचा म्हणजे कागद, छापखाना आणि वर्गणीदार यांची सोय हवी. ज्याचे लेखन अद्याप वहीतच आहे, किंवा एखाद्या मासिकात विखुरलेले आहे, त्याची गणना या शब्दात होत नव्हती. होतकरू लेखक हा वर्ग या सभेच्या शब्दकोशातच नव्हता.

निकषाइतकाच महत्त्वाचा प्रश्न वाटेचा होता. मुंबई–पुणे लोहमार्ग बोरघाटातून १८६३ मध्ये पुरा झाला होता. त्यामुळे मुंबईचा ग्रंथकार एका दिवसात पुण्यास पोहोचू शकत होता. मुरुडची गोष्ट वेगळी होती. उत्तरेस रेवदंड्याची खाडी, दक्षिणेस राजपुरीची खाडी, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस डोंगर अशा कोंदणात हे गाव वसलेले आहे. खाड्यांवर त्या काळी पूल नव्हते. मुंबईस जावयाचे तर जलमार्ग हाच खरा मार्ग, आणि तो पावसाळ्यात बंद. सभांच्या तारखा या दृष्टीने लक्षपूर्वक पाहण्याजोग्या आहेत. पहिली सभा ११ मे १८७८ ची, दुसरी २४ मे १८८५ ची. महाराष्ट्र साहित्य परिषदेची स्थापना ज्या संमेलनात झाली तो दिवस २७ मे १९०६ चा. तिन्ही तारखा मे महिन्यातल्या आहेत. या योगायोगाचे कारण उघड आहे. तत्कालीन ग्रंथकारांत शिक्षक आणि न्यायखात्यातील नोकर यांचा भरणा मोठा होता. लोकहितवादी व रानडे हे दोघेही न्यायखात्यातले. शाळा आणि दिवाणी न्यायालये यांना मे महिन्यात सुटी असे. अर्थात सभेचे पंचांग हे नोकरदाराचे पंचांग होते. देशावरील मनुष्यास ते सोयीचे असले, तरी किनाऱ्यावरील मनुष्यास मेअखेर म्हणजे गलबते ओढून घेण्याचे आणि घरे शाकारण्याचे दिवस. तो सभेस जाऊ शकेल. परतीच्या वेळी समुद्र खुला असेलच अशी शाश्वती नाही.

बंद समुद्राने कोकणातील मनुष्यास किती पायपीट करावी लागे, याचे उदाहरण दुसऱ्या मुरुडाने दिले आहे. १८७५ च्या सुमारास पावसाळ्यात परीक्षेसाठी निघालेल्या धोंडो केशव कर्वे यांना मुंबईचा जलमार्ग मोकळा नव्हता, म्हणून सह्याद्री ओलांडून पायी सातारा गाठावा लागला. तेथे पोहोचल्यावर वय लहान दिसते या कारणास्तव परीक्षकांनी त्यांस परीक्षेस बसू दिले नाही. हा प्रसंग साहित्याचा नव्हे. परंतु दूरच्या गावातील तरुणास विद्येच्या केंद्राचे दार कसे दिसे, याचे इतके बोलके प्रमाण विरळा. वाटेचे श्रम त्याचे स्वतःचे. आत घेण्याचा निर्णय मात्र दाराशी बसलेल्याचा.

दुसऱ्या सभेच्या वेळी हाच निर्णय एका निमंत्रिताने स्वतःच्या हाती घेतला. २४ मे १८८५ ची ही सभा कृष्णशास्त्री राजवाडे यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात झाली, आणि उपस्थिती पहिलीहून बरीच मोठी होती. न्यायमूर्ती रानडे यांनी जोतीराव फुले यांनाही निमंत्रण धाडले होते. फुले त्या वेळी अठ्ठावन्न वर्षांचे होते. शिवाजीचा पवाडा (१८६९), ‘गुलामगिरी’ (१८७३), १८८३ मध्ये सिद्ध झालेला ‘शेतकऱ्याचा असूड’ असे लेखन त्यांच्या नावावर होते. ग्रंथाचा निकष लावला तर त्यांचा अधिकार निर्विवाद होता, आणि रानडे यांनी तो मानला होता. तथापि फुल्यांनी येण्यास नकार दिला. त्यांचे उत्तर ११ जून १८८५ च्या ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाले. सर्व माणसांचे मानवी हक्क जे मनापासून मान्य करीत नाहीत आणि तसे उघडपणे आचरीत नाहीत, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसणार नाही. शूद्रातिशूद्रांच्या दुःखाची त्यांस कल्पना नाही. तेव्हा आमचा विचार आम्हीच केला पाहिजे, असा त्या पत्राचा आशय आहे.

या नकाराचा अर्थ लावताना दोन चुका होण्याचा संभव आहे. पहिली, तो वैयक्तिक वैमनस्यातून आला असे मानण्याची. १८७५ मध्ये स्वामी दयानंदांच्या पुण्यातील मिरवणुकीच्या प्रसंगी रानडे आणि फुले हे एकाच बाजूस उभे होते. तेव्हा व्यक्तिद्वेषाची उपपत्ती टिकत नाही. दुसरी चूक, फुल्यांना ग्रंथकारांच्या ऐक्याचे महत्त्व कळले नाही असे मानण्याची. वस्तुतः त्यांचा आक्षेप ऐक्याच्या पायावर होता. सभा म्हणते, ग्रंथ लिहिणारे सर्व एक. फुले विचारतात, ग्रंथात काय लिहिले आहे ते न पाहता एक कसे? ग्रंथ हे मुखत्यारपत्र मानले, तर ते कोणाच्या वतीने, हाही प्रश्न उपस्थित होतो. आणि आपल्यामागे उभ्या असलेल्या लोकांचे दुःख ज्या सभेच्या विषयपत्रिकेवर नाही, त्या सभेत त्यांच्या वतीने जाऊन बसणे फुल्यांना अप्रामाणिकपणाचे वाटले. अधिकार असूनही उंबरठ्याबाहेर राहणे ही मराठी साहित्यसंस्थेच्या इतिहासातील पहिली तात्त्विक कृती होय. त्याच वर्षी निघालेल्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी ताराबाई शिंदे यांच्या १८८२ च्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ या पुस्तकाची बाजू घेतली, हेही येथे लक्षात घ्यावे. ताराबाईंचा ग्रंथ छापून झाला होता. शब्दशः त्या ग्रंथकार होत्या. संमेलनाच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री, कुसुमावती देशपांडे, ग्वाल्हेर येथे आली ती १९६१ मध्ये, म्हणजे पहिल्या सभेनंतर त्र्याऐंशी वर्षांनी. निकष उदार असला म्हणजे व्यवहार उदार होतोच असे नाही, याचे हे गमक आहे.

१८८५ नंतर वीस वर्षे सभा भरली नाही. सभेस स्थायी कार्यालय किंवा निधी नव्हता. ती भरविणाऱ्यांच्या उत्साहावर अवलंबून होती. १९०५ मध्ये सातारा येथे ती पुन्हा भरली, आणि पुढील वर्षी पुण्यात साहित्य परिषद स्थापन झाल्यावर तिला घर मिळाले. १९०९ मध्ये संमेलन बडोद्यास गेले. येथपासून संस्थानी राजधान्यांचे एक नवे प्रकरण सुरू होते. बडोदे (१९०९, १९२१, १९३४), इंदूर (१९१७, १९३५), ग्वाल्हेर (१९२८), हैदराबाद (१९३१), कोल्हापूर (१९३२) ही नावे पाहिली असता संस्थानी आश्रयाचा वाटा किती मोठा होता हे कळते. कोल्हापूरच्या संमेलनाचे अध्यक्षपद महाराज सयाजीराव गायकवाड यांनीच भूषविले, आणि इंदूरच्या १९३५ च्या संमेलनाचे औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी.

मुरुडही राजधानीच होती. पण तेथील दरबारी परिघाचे वाङ्मय दुसऱ्या भाषेत फुलले. नबाब सिदी अहमदखान यांच्या कारकीर्दीत (१८७९–१९२२) त्यांच्या पत्नी नाझली रफिया बेगम यांनी १९०८ मधील युरोपप्रवासाचे वर्णन उर्दूत लिहिले. त्यांच्या भगिनी अतिया फैजी यांनी १९०६–०७ मध्ये लंडनमध्ये शिकत असताना लिहिलेली रोजनिशी लाहोरच्या एका स्त्रियांच्या उर्दू मासिकातून प्रसिद्ध झाली. विख्यात उर्दू विद्वान शिबली नोमानी हेही या भगिनींचे पाहुणे म्हणून जंजिऱ्यास येऊन गेले. येथे एक विलक्षण विरोध दिसतो. ज्या किनाऱ्यावरून मराठी ग्रंथकार सभेस जाणे दुर्घट, त्याच किनाऱ्यावरील दोन स्त्रिया सभामंडपाची पायरी न चढता, मासिक आणि पुस्तक यांच्या द्वारा, लाहोरपर्यंतच्या वाचकवर्गात लेखिका म्हणून प्रविष्ट झाल्या होत्या. अर्थात त्यांस राजघराण्याचे बळ होते, आणि ते सामान्य लेखकास नव्हते. परंतु नवोदिताचा पहिला प्रवेश सभेतून होत नसून नियतकालिकातून होतो, हा सिद्धांत त्यांच्या उदाहरणाने पुष्ट होतो.

मराठीतही तेच घडले. दुसरी सभा झाली त्याच १८८५ साली हरी नारायण आपटे यांची ‘मधली स्थिती’ ही कादंबरी ‘पुणेवैभव’ पत्रातून क्रमशः येऊ लागली. लेखक एकवीस वर्षांचा होता. सत्तावीस वर्षांनी, १९१२ मध्ये, अकोला येथील संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. या दोन टोकांमधील मार्ग वृत्तपत्रे व मासिके यांच्या पानांतून गेला. संमेलनाने लेखक घडविला असे येथे म्हणता येत नाही; घडलेल्या लेखकास संमेलनाने मान दिला, इतकेच म्हणता येते.

मग संमेलनाने नवोदितास काय दिले? ग्रंथकारांची सभा साहित्याचे संमेलन झाली, तेव्हा तिचे दार रुंद झाले हे निर्विवाद. ग्रंथ नसलेला मनुष्यही वर्गणी भरून आत येऊ लागला. परंतु त्याची भूमिका बदलली. १८७८ मध्ये पन्नास माणसे एकमेकांशी बोलावयास जमली होती; पुढे हजारो माणसे एकाचे भाषण ऐकावयास जमू लागली. पूर्वी ज्यास प्रवेश नव्हता त्यास प्रवेश मिळाला, पण श्रोता म्हणून. हे मूल्य कमी लेखण्याजोगे नाही. छापील पानावर नाव वाचलेला मनुष्य प्रत्यक्ष हाडामांसाचा आहे, तोही अडखळतो, त्याच्याशीही वाद घालता येतो, हे ज्ञान दूरच्या गावातील लेखकास दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळत नाही. तथापि ऐकण्याचा हक्क आणि बोलण्याचा हक्क यांत अंतर आहे, आणि विसाव्या शतकातील पुढील घडामोडी या अंतरातून उद्भवल्या.

विदर्भ साहित्य संघ (१९२३), मुंबई मराठी साहित्य संघ (१९३५), मराठवाडा साहित्य परिषद (१९४३) या संस्था प्रादेशिक अंतर कमी करण्यासाठी निघाल्या, आणि १९६१ मध्ये साहित्य महामंडळाच्या रूपाने त्यांचा पुण्याच्या परिषदेशी मेळ घातला गेला. वाटेचा प्रश्न असा हळूहळू सुटत गेला. निकषाचा प्रश्न मात्र निराळ्या मंडपांत सोडवावा लागला. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन अण्णाभाऊ साठे यांनी केले. १९७२ मध्ये महाड येथे भरलेल्या दलित साहित्यिकांच्या संमेलनाचे अध्यक्षस्थान बाबूराव बागुल यांच्याकडे होते. महाड आणि मुरुड ही एकाच जिल्ह्यातील तालुक्यांची गावे. ज्या जिल्ह्यातून एकेकाळी सभेस जाण्यासाठी समुद्राची परवानगी घ्यावी लागे, त्याच जिल्ह्यात, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाने (१९२७) पुनीत झालेल्या गावी, फुल्यांच्या पत्रातील ‘आमचा विचार आम्ही करू’ या आशयास मंडप लाभला. पुढे १९८४ मध्ये जळगाव येथील अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्षपद शंकरराव खरात यांना मिळाले. बाहेर राहिलेला प्रवाह मुख्य मंडपात आला तो विनवणी करून नव्हे. आपले स्वतंत्र सामर्थ्य सिद्ध करून आला, असे या क्रमावरून दिसते.

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा सांगता येईल. मराठी ग्रंथकार सभेच्या दाराशी तीन अडसर होते : वाटेचा, निकषाचा आणि मान्यतेचा. पहिला आगगाडी, रस्ते व प्रादेशिक संस्था यांनी दूर केला. दुसरा नियतकालिकांनी निरुपयोगी केला. तिसरा सर्वांत सूक्ष्म होता, कारण तो निमंत्रणपत्रिकेनेही दूर होत नव्हता. आत बोलावलेल्यास आपल्या दुःखासह आत येता येईल की नाही, हा तो प्रश्न. १८८५ मध्ये फुल्यांनी तो विचारला, आणि त्यानंतरच्या प्रत्येक संमेलनास त्याचे उत्तर नव्याने द्यावे लागले आहे. म्हणून संमेलनाच्या इतिहासात अध्यक्षांच्या यादीशेजारी आणखी एक यादी असावयास हवी : कोणत्या वर्षी, कोणत्या वर्गातील लेखकाने, त्या मंडपात प्रथम पाऊल ठेवले. अध्यक्षांची यादी संस्थेचा मान सांगते, ही दुसरी यादी तिची वाढ सांगेल.